जामीन कोणी राहावे?

नातू सैन्यातून सुटला, नोकरी नवी, तलुश दोन-तीनच. अशा वेळी बँकेने कर्जाला जामीन, म्हणजे आरेव, मागितला तर ते आम्हांस रास्त वाटते. पण पगार हप्त्याला पुरतच नसेल, तर बँकेने कर्ज कमी करावे. आजीच्या पेन्शनवर नजर ठेवू नये. बिन्यामिनसाठी यहूदा याकोबापुढे जामीन राहिला, तो आयुष्यभराचा दोष पत्करून.

१९६७ च्या जामीन कायद्यात १९९२ साली भर पडली. ठराविक रकमेपर्यंतच्या कर्जात आधी कर्जदाराविरुद्ध निकाल घेऊन वसुलीचे उपाय केल्याशिवाय जामीनदाराकडे सहसा येता येत नाही. कर्जदाराच्या पती वा पत्नीला मात्र हे संरक्षण नाही. मुद्दल, व्याज, मुदत कागदावर लिहिलेली आहेत ना, पाहावे. हिब्रू नीट वाचता येत नसेल तर लेकीला सोबत न्यावे, आणि कारकुनाने घाई केली तर उद्या येतो म्हणावे.