नोंदीबाहेरच्यांची गणना : डॉ. चंद्रशेखरन यांचे कार्य

अनेक मराठी कुटुंबे पिढ्यानुपिढ्या जेथे नांदत आली आहेत, त्या ग्वाल्हेर जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे 864 स्त्रिया होत्या. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत मुलींचे प्रमाण याहूनही कमी होते. शेजारच्या मुरैना व भिंड जिल्ह्यांतील एकूण स्त्री-पुरुष प्रमाण तर ग्वाल्हेरपेक्षाही प्रतिकूल होते. या आकड्यांमागे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. कमी भरलेल्या या मुली जन्मासच आल्या नाहीत, जन्मून दगावल्या, की त्यांची नोंदच झाली नाही? प्रत्येक उत्तरावरील उपाय वेगळा आहे. जनगणना दहा वर्षांतून एकदा लोकसंख्येचे चित्र दाखवते. परंतु त्यामागील कारणे कळण्यासाठी जन्म व मृत्यू यांची विश्वसनीय मोजदाद लागते. नोंदच अपुरी असेल तर ही मोजदाद कशी करावी, याचे गणिती उत्तर शोधणाऱ्यांत डॉ. सी. चंद्रशेखरन यांचे नाव अग्रगण्य आहे.

चिदंबर चंद्रशेखरन यांचा जन्म 1911 साली झाला. संख्याशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी ते लंडनला गेले. तेथील विख्यात संख्याशास्त्रज्ञ ईगॉन पिअर्सन यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला शोधनिबंध 1936 साली प्रसिद्ध झाला. पुढे कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत काम करीत असताना ते लोकसंख्येच्या प्रश्नांकडे वळले. खेड्यापाड्यांतील किती जन्ममृत्यू सरकारी नोंदवहीत येतात, हे त्या काळी कोणासही खात्रीने सांगता येत नव्हते.

हुगळी जिल्ह्यातील सिंगूर आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात 1947 साली याविषयी पाहणी करण्यात आली. 1945 व 1946 या वर्षांतील जन्ममृत्यूंची निबंधकाची यादी एकीकडे व घरोघरी जाऊन चौकशी करणाऱ्या प्रगणकांची यादी दुसरीकडे, अशा दोन याद्या ताडून पाहण्यात आल्या. काही घटना दोन्ही याद्यांत होत्या, तर काही केवळ एकीत. दोहोंतूनही निसटलेल्या घटनांचे काय, हा खरा प्रश्न होता. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांच्या सहकार्याने चंद्रशेखरन यांनी त्याचे उत्तर 1949 साली प्रसिद्ध केले. ‘चंद्रशेखरन-डेमिंग पद्धती’ या नावाने ते आज जगभर ओळखले जाते.

एका साध्या उदाहरणाने ही पद्धती समजून घेता येईल. समजा, एखाद्या गावी निबंधकाच्या वहीत 80 जन्म आहेत व प्रगणकास 75 जन्म आढळले. पैकी 60 जन्म दोन्ही याद्यांत आहेत. याचा अर्थ, प्रगणकाच्या 75 जन्मांपैकी 60, म्हणजे पाचांपैकी चार, निबंधकापर्यंत पोहोचले होते. हेच प्रमाण गावातील सर्व जन्मांना लागू असेल, तर निबंधकाचे 80 जन्म हे एकूण जन्मांचे चार पंचमांश होत. एकूण जन्म 100 ठरतात. दोन्ही याद्या मिळून 95 जन्म हाती आलेले असतात. उरलेले 5 कोणीच नोंदलेले नसतात.

यासाठी दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असणे आवश्यक असते. एकाने दुसऱ्याची यादी पाहून आपली भरली, तर जुळणी फसवी ठरते. शिवाय आडबाजूची वस्ती दोघांकडूनही सुटते; जन्मानंतर दोनचार दिवसांतच दगावलेल्या अर्भकाचा उल्लेख घरची माणसेही दोघांपाशी करीत नाहीत. अशा वेळी हिशेब कमी भरतो. म्हणूनच वस्ती, वय, लिंग यांनुसार लहान गट पाडावेत, प्रत्येक गटाचा हिशेब स्वतंत्रपणे करावा व मग बेरीज घ्यावी, असा उपाय त्यांनी सुचविला. मुलींच्या नोंदी मुलांपेक्षा अधिक सुटत असतील, तर तेही अशा गटवार हिशेबात उघड होऊ शकते.

संयुक्त राष्ट्रसंघ व भारत सरकार यांनी 1951-52 मध्ये हाती घेतलेल्या म्हैसूर लोकसंख्या पाहणीतही चंद्रशेखरन यांचा महत्त्वाचा वाटा होता. मुंबईत 1956 साली स्थापन झालेल्या लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालकपद त्यांनी भूषविले. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हेच त्या केंद्राचे आजचे रूप होय. लोकसंख्या-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. 2000 साली त्यांचे निधन झाले.

दोन स्वतंत्र नोंदी ताडून पाहण्याचे तत्त्व भारताच्या नमुना नोंदणी योजनेत अंगीकारण्यात आले. ही योजना 1964-65 मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली व 1969-70 च्या सुमारास देशभर विस्तारली. तीत निवडलेल्या गावी व शहरी विभागांत प्रगणक वर्षभर नोंदी ठेवतो, तर पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी करतो. न जुळलेल्या घटनांबाबत केवळ सूत्रावर विसंबून न राहता प्रत्यक्ष त्या घरी जाऊन फेरतपासणी होते. देशातील अर्भक मृत्युदर 1971 साली दर हजार जिवंत जन्मांमागे 129 होता व 2020 साली तो 28 वर आला, हे या योजनेमुळेच सांगता येते. त्याच वर्षी हा दर महाराष्ट्रात 16, तर ग्वाल्हेर ज्या राज्यात आहे त्या मध्य प्रदेशात 43 होता. कोठे दायी, दवाखाना व लस अधिक तातडीने पोहोचली पाहिजे, ते असे आकडे दाखवून देतात.

गणित निसटलेल्यांची संख्या सांगते. त्यांची नावे मात्र सांगू शकत नाही. ते काम कुटुंबाचे व स्थानिक निबंधकाचे आहे. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 अन्वये घटनेची माहिती 21 दिवसांच्या आत द्यावयाची असते. मुलगी जन्मली तरी, आणि जन्मून दोन दिवसांतच गेली तरीही, ती नोंद होणे अगत्याचे आहे. वहीत न आलेल्या बालकाच्या मृत्यूचे कारण कोणी शोधीत नाही व त्याच्यामागून येणाऱ्या भावंडाच्या रक्षणाची वाटही मग सापडत नाही.