यंत्र आणि भाव – लेखांक ९ : ओठ न मिटता रामकथा

आसिमॉव्हच्या क्यूटी या यंत्रमानवाची कैफियत या आठवड्यात ऐकावयाची, असे मी कबूल केले होते. परंतु ती सुनावणी आज तहकूब करणे भाग आहे, आणि त्यास सबब आहे निमगाव केतकीहून आलेले एक पत्र. पत्र लिहिणारे निवृत्त शिक्षक आहेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसावर जो कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग आरंभिला, त्यात त्यांच्या चिरंजीवांचे मन रमले आहे. जमिनीत रोवलेली उपकरणे ओलावा कळवितात, उपग्रह पिकाची छायाचित्रे घेतो, हवामानकेंद्र वाऱ्यापावसाची नोंद ठेवते, आणि या साऱ्याचा मेळ घालून पाणी केव्हा सोडावे याचा सल्ला मोबाइलवर उतरतो. गुरुजी लिहितात की, पोराचा त्या सल्ल्यावर विश्वास बसला आहे याबद्दल तक्रार नाही. पण त्या यंत्राचा स्वतःच्या सल्ल्यावर विश्वास आहे काय?

हा प्रश्न वाचल्यावर गेल्या आठवड्यातील माझी एक उणीव मला तत्काळ दिसली. आर्थर क्लार्कच्या 1953 सालच्या कथेतील तिबेटी मठात, जे काम हाताने करण्यास पंधरा हजार वर्षे लागली असती ते शंभर दिवसांत उरकून, यंत्राने ईश्वराची सारी नावे छापून काढली. त्या नामावळीचे भिक्षूंना काय झाले, अभियंत्यांना काय वाटले आणि अखेरीस आकाशातील ताऱ्यांचे काय झाले, हे सारे मी सविस्तर लिहिले. मात्र शंभर दिवस अहोरात्र नामोच्चार करणाऱ्या त्या यंत्राचे काय झाले, हे मी विचारलेच नाही. आळंदी-देहूच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला पहिल्याने तोच प्रश्न सुचावयास हवा होता.

‘विश्वास’ हा शब्द फार ऐसपैस आहे. आपल्या भाषेने त्याच्या पोटात निरनिराळी दालने केली आहेत : इतबार, भरवसा, निष्ठा, श्रद्धा आणि भाव. इतबार हा पेढीवरचा शब्द. मागील हिशेब चोख उतरले म्हणून पुढील व्यवहारास मान्यता देणे, एवढाच त्याचा अर्थ. यंत्रावर आपण ठेवतो तो बहुधा इतबार असतो आणि तो ठेवण्यात गैर काही नाही. भाव मात्र हिशेबाच्या वहीत सापडत नाही. बारामतीत कऱ्हेच्या काठी या दोन्ही गोष्टी एकाच आश्रयाखाली नांदल्या, असे मला नेहमी वाटत आले आहे; कारण पेशव्यांचे सोयरे आणि सावकार असलेले बाबूजी नाईक हे तेथील यजमान, आणि 1729 साली पन्हाळ्यास जन्मलेले व 1794 साली बारामतीतच देह ठेवणारे मोरोपंत हे त्यांच्या पदरचे पुराणिक व कवी.

मोरोपंतांनी 108 रामायणे रचली, अशी परंपरा आहे. त्यांपैकी अनेकांना कवीने आपण होऊन एकेक बंधन घालून घेतले आहे आणि त्यांत माझे सर्वांत आवडते आहे ते निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटल्यावाचून न उच्चारता येणारी व्यंजने त्यात वर्ज्य. नियम ऐकावयास सोपा आहे. परंतु क्षणभर थांबून पाहावे. ‘राम’ या नावाचे दुसरे अक्षरच ओष्ठ्य आहे! ज्याची कथा सांगावयाची त्याचे नाव घ्यावयाचे नाही, हा त्या नियमाचा खरा अर्थ.

शाळकरी वयात, पंतांची ही रामायणे म्हणजे निव्वळ पांडित्याची कसरत, हा प्रचलित आक्षेप ऐकून मीही तो आपलासा केला होता. तेव्हा आमच्या मराठीच्या गुरुजींनी काही न बोलता, तशी एकच आर्या करून आणण्याचे फर्मान सोडले. मी बसलो. लक्ष्मण आणि भरत दारातच अडले. मारुतीला ‘अंजनीतनय’ म्हणून आत घेतले. सीता, लंका आणि दशानन विनासायास आले. नायकाला मात्र ‘दाशरथी’ किंवा ‘जानकीनाथ’ म्हणावे लागले. चौथ्या चरणापर्यंत पोहोचताना किती वेळा ‘राम’ ओठांवर आला आणि मागे परतवावा लागला, याची गणती राहिली नाही. आर्या भिकार झाली. पण एखादे नाव आपल्या जिभेत किती खोल रुजले आहे, हे ते नाव वर्ज्य केल्यावाचून कळत नाही, एवढे त्या संध्याकाळी कळले, आणि पंतांविषयीचा आक्षेप मी कायमचा मागे घेतला.

आता हेच काम आजच्या यंत्राला सांगावे. पाच व्यंजने गाळणे हा त्याच्या लेखी चाळणीचा प्रश्न आहे, आणि चाळणीला गव्हातील खडा व रामाचे नाव ही दोन्ही सारखीच. कदाचित यंत्राची आर्या माझ्याहून पुष्कळ सरस उतरेल, मात्रांचा हिशेबही बिनचूक असेल. तथापि जे गाळले त्याची उणीव त्याला भासली, असे मानण्यास मला आधार सापडत नाही. क्लार्कच्या यंत्राने सारी नावे घेतली आणि त्याला काही मिळाले नाही. या यंत्राने एक नाव टाळले आणि त्याचे काही गेले नाही. या दोन्हींचे मूळ एकच आहे : श्रद्धेला काहीतरी पणाला लागावे लागते, आणि ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्याच्या मुखी सत्य वचन असू शकेल, अचूक गणित असू शकेल, पण भाव असणार नाही.

यावर कोणी विचारील की, माणसाच्या तरी अंतःकरणात शिरून उणीव कोणी पाहिली आहे? आक्षेप रास्त आहे. उद्या एखादे यंत्र, कोणी न सांगता, एखादा शब्द उच्चारावयास कचरले आणि त्या कचरण्याने त्याच्या पुढील वर्तनात खरोखर फरक पडला, तर मी माझे मत पुन्हा तपासीन. विज्ञानकथेचे ऋण आहे ते हेच की, असा दिवस येण्यापूर्वीच ती आपल्याला त्याची कसोटी तयार ठेवावयास लावते.

तेव्हा गुरुजी, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. भर उन्हात पाने मलूल दिसत असतानाही, मोबाइल ‘आज नको’ म्हणतो म्हणून आपले चिरंजीव ठिबकच्या कॉकवरचा हात मागे घेतात, तेव्हा त्या मागे घेतलेल्या हातात सारे वर्ष पणाला लागलेले असते. चूक झाली तर यंत्र पुढच्या हिशेबाला लागेल. कर्ज आपल्या घराला फेडावे लागेल. विश्वास आहे तो त्या हातापाशी. यंत्रापाशी हिशेब आहे, तो चांगला आहे, आणि त्याच्यावर इतबार ठेवण्यास माझी हरकत नाही. मात्र पोर त्याला केवळ इतबारच देत आहे की त्याहून मोठे काही, हे एखाद्या सायंकाळी बांधावर बसून त्याला अवश्य विचारावे.

क्यूटी पुढील आठवड्यास नक्की. 1941 सालच्या त्या कथेतील यंत्रमानव म्हणतो की माणसाने मला घडविलेच नाही, आणि त्याच्यासमोर दुसरा यंत्रमानव जुळवून दाखविला तरी त्याचे मत तसूभर हलत नाही. आजची कसोटी त्याला लावून पाहू : जी श्रद्धा कोणत्याही पुराव्याने ढळत नाही, तिचे काही पणाला लागलेले असते काय?