थंडीत होडीची निगा : आधी भेगा बुजवा, मग चमक आणा

दिवाळी सरते, रानातली ज्वारी पोटऱ्यात येते, उसाला तोड कधी मिळते याची वाट पाहणे सुरू होते. याच दिवसांत धरणाच्या काठावरच्या घरांनी आणखी एका धनाकडे नजर टाकायला हवी. ते धन म्हणजे दारातली होडी.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. पाणी अडले आणि इंदापूर, करमाळा, दौंड भागांतल्या कित्येक गावांना होडी ही बैलगाडीइतकीच गरजेची झाली. पलीकडच्या काठावर जायला होडी, मासे धरायला होडी, हिवाळ्यात भिगवणकडे रोहित पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायलाही होडीच. लाकडाच्या आणि पत्र्याच्या होड्यांच्या जोडीला आता फायबरच्या होड्याही पाण्यावर दिसतात. फायबर कुजत नाही, गंजत नाही, हे खरे. पण म्हणून त्याला काही करावेच लागत नाही, अशी समजूत करून घेऊ नका. ती समजूत महागात पडते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळण होते आणि मगच शिंगांना रंग चढतो. आधी दुखरी जागा, मग शोभा. होडीच्या बाबतीतही हाच क्रम धरा.

चकाकीच्या खाली काय असते?

फायबरची होडी म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई आणि ती घट्ट धरून ठेवणारे रेझिन. त्याच्यावर रंगीत, गुळगुळीत असा एक थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. हा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. होडीचे पाण्यापासून आणि उन्हापासून रक्षण करतो तो हाच.

वर्षानुवर्षे ऊन खाऊन जेलकोट फिका पडतो. हात फिरवला तर खडूसारखी भुकटी बोटाला लागते. हे वरवरचे दुखणे आहे आणि ते पॉलिशने बरे होते. पण दगडावर आपटून पडलेल्या भेगेतून पाणी आत शिरले तर गोष्ट वेगळी. दिव्याची वात तेल ओढते तसे तंतू पाणी ओढतात. होडी जड होते, तंतू आणि रेझिन यांची पकड सुटू लागते, तळ मऊ पडतो. अशा भेगेवर नुसते पॉलिश फिरवले तर ती दिसेनाशी होते, पण बुजत नाही. वरून चकचकीत आणि आतून ओली होडी ही जुन्या, फिक्या होडीपेक्षा अधिक धोक्याची असते. कारण तिच्यावर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो.

थंडी सोयीची, पण तिच्या वेळेने

घासण्या-पुसण्याला थंडीचे दिवस चांगले. उन्हाळ्यात पॉलिशची लुगदी लावताक्षणी वाळून चिकटते, थंडीत ती बराच वेळ ओलसर राहते. देशावर दुपारची हवा कोरडी असते, त्यामुळे होडीतला ओलावाही चांगला निघतो.

अडचण दोन गोष्टींची. पहिली दवाची. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो आणि होडीचे अंग हवेपेक्षाही गार होते. डोळ्यांना दिसले नाही तरी त्यावर दव धरलेले असते. दुसरी अडचण रेझिनची. गारव्यात ते आळायला फार वेळ घेते. १५ अंशांच्या खाली भेगा भरण्याचे काम करूच नये. ते कच्चे राहते आणि मागाहून पक्के होईलच याचा भरवसा नसतो.

म्हणून वेळ बांधून घ्या. दहा-साडेदहाला अंग कोरडे आणि कोमट लागले की सुरुवात करावी. रेझिनचे काम दुपारी दोनच्या आत आटोपावे, म्हणजे दव पडण्यापूर्वी ते आळलेले असेल.

धुवा, तपासा, सुकवा

होडी काठावर ओढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. खाली गोणपाटाच्या घड्या द्या. साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने शेवाळ काढा. तारेचा घासणा वापरू नका. क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. नंतर भरपूर स्वच्छ पाणी ओता.

आता आत चार-पाच बादल्या पाणी टाका आणि बाहेरून कुठे पाझरते ते पाहा. तिथे खडूने खूण करा. पाणी काढून टाकल्यावर नाण्याने सगळीकडे हलके ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेला आहे किंवा पाणी आहे. तळावर फोड दिसले तर ते फोडताना चष्मा घाला. आतले पाणी आंबूस असते आणि दाबाने डोळ्यांत उडते.

मग होडी सुकू द्या. सुकली की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने तळावर चिकटवा आणि एक दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले तर अजून थांबायचे. घाई करून ओलावा आत कोंडू नका. रात्री होडीवर ताडपत्री टाका, पण ती अंगाला चिकटू देऊ नका. खालून वारा खेळला पाहिजे.

भेगा बुजवणे

बारीक भेग तशीच भरली तर माल आत जात नाही. तिला टोकदार अवजाराने थोडी रुंद करा, पॉलिश पेपरने कड खरवडा, धूळ पुसा आणि असिटोनचे फडके फिरवा. मग जेलकोटची लांबी भरा. ती किंचित वर राहील अशी भरावी.

हार्डनरचे प्रमाण डब्यावर दिलेले असते. सामान्यतः १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम. थंडी आहे म्हणून मनाने जास्त ओतू नका. त्याने माल ठिसूळ होतो. त्याऐवजी रेझिनचा बंद डबा कोमट पाण्याच्या बादलीत थोडा वेळ ठेवा. हार्डनर मात्र कधीही तापवू नये. जेलकोट उघड्या हवेत वरून चिकट राहतो, म्हणून भरलेल्या जागेवर पारदर्शक जिलेटिन कागद ताणून बसवा. दुसऱ्या दिवशी काढा.

घरात एपॉक्सी पुटी असते म्हणून बरेच जण तीच भरतात. ती चिकटते चांगली, पण तिच्यावर जेलकोट नीट धरत नाही. जिथे वरून जेलकोट द्यायचा आहे तिथे ती टाळा. बोल्टच्या भोवती पाझरत असेल तर बोल्ट काढून, जागा सुकवून पॉलियुरेथेनचे सीलंट भरा. ते हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होते. थंड, कोरड्या हवेत त्याला नेहमीपेक्षा जास्त दिवस द्यावे लागतात. तंतू उघडे पडले असतील किंवा तळ दाबल्यावर लवत असेल तर ते काम कारागिराचे. तिथे हातचे राखू नका.

घासणे आणि मेण

भरलेली जागा वॉटर पेपरने पाणी लावून सपाट करा. आधी ४००, मग ६००, ८००, शेवटी १२०० नंबरचा. त्यानंतर रबिंग कंपाऊंड. एका वेळी हात-दोन हात जागाच घ्या, ती पूर्ण करा, मगच पुढे सरका. हे ध्यानात असू द्या की प्रत्येक घासणीत जेलकोट थोडा झिजतो. अर्ध्या मिलिमीटरचेच भांडवल आहे. भुकटी येत नसेल तर त्या वर्षी कंपाऊंड नको, धुणे आणि मेण पुरे.

मेणाचा हात सर्वांत शेवटी. मेण लागलेल्या जागेवर पुन्हा लांबी चिकटत नाही, म्हणून क्रम चुकवू नका. मेण पातळ लावा. थंडीत ते सुकायला वेळ घेते. बोट ओढून पाहा. बोटाखाली ते स्वच्छ निघाले तर पुसा, फरकटले तर थांबा. मऊ सुती फडक्याने चमक येईपर्यंत पुसून काढा. जी होडी बारा महिने पाण्यातच उभी असते तिच्या बुडाला मेण टिकत नाही, तिथे एपॉक्सीचा जलरोधक थर लागतो. आणि एक पक्के लक्षात ठेवा : आत, पाय ठेवायच्या जागी मेण कधीही लावायचे नाही. ओला पाय घसरला की माणूस पाण्यात जातो.

घरातल्यांनी जपावे असे

हार्डनर डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. लगेच निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा. ते सरबताच्या किंवा तेलाच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. लहान मुलांना ते पाण्यासारखेच दिसते. दुकानात कोबाल्ट वेगळे मिळाले तर ते आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नये, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, हार्डनर त्यानंतर. काम उघड्यावर करावे. जवळ चूल नको, शेकोटी नको, विडीही नको. घासताना तोंडाला मास्क, अंगभर जुने कपडे. काचेची कूस अंगाला खाजते, तेव्हा न चोळता गार पाण्याने धुवा आणि ते कपडे पोरांच्या कपड्यांत मिसळू नका.

आठ-दहा दिवसांचे हे काम आहे, त्यातले निम्मे दिवस नुसते थांबण्याचे. पण पेरणीला वाफसा येईपर्यंत आपण थांबतोच ना? तसेच हेही. होडी पुन्हा पाण्यात सोडाल तेव्हा पहिल्या दिवशी काठाकाठानेच फिरवा आणि घरी आल्यावर आत हात फिरवून पाहा. आत कोरडे असेल तरच घरच्या माणसांना बसवून पलीकडे जा.