मुक्तीचा छापखाना

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या 'मुक्ती' या संस्थेचा विचार बहुधा विधवांचे आश्रयस्थान किंवा दुष्काळग्रस्त मुलींचे अनाथालय म्हणून केला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण या संस्थेच्या अंगणात एक छापखानाही चालत होता. येथील स्त्रिया स्वतः खिळे जुळवून, छापून आणि बांधणी करून पुस्तके काढत असत, आणि या कामाची परिणती संपूर्ण मराठी बायबलात झाली. ख्रिस्ती श्रद्धेने संकटाच्या काळात माणसाला काय दिले, या प्रश्नाचे उत्तर प्रवचनांपेक्षा या छापखान्याच्या कामात अधिक स्पष्ट दिसते.

रमाबाईंच्या श्रद्धेचा उगम समजून घ्यायचा तर दुष्काळापासून सुरुवात करावी लागते. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नीलाही संस्कृत शिकवण्याचा आग्रह धरणारे, पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे विद्वान ब्राह्मण होते. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने दागिने आणि भांडी विकली, व्रते आणि अनुष्ठाने केली आणि अखेरीस रानातील पाने खाऊन दिवस काढले. वडील, आई आणि मोठी बहीण थोड्याच काळात एकामागून एक गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमाबाई, पायी उत्तरेकडे निघाली; पुरेसे कपडे नसल्याने झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या, अशी हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी शास्त्रांचा अभ्यास होताच, पण देवतांना मागितलेले मिळाले नाही हा अनुभवही होता. पुढे भाऊ गेला, १८८० मध्ये विवाह झाला आणि अवघ्या दोन वर्षांत, एका तान्ह्या मुलीसह, त्या विधवा झाल्या. त्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथील वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. ज्या धर्मात पतिता आणि विधवा यांनाही आधी प्रायश्चित्त न मागता जवळ घेतले जाते, तो धर्म आपल्याला हवा, असा त्यांच्या मनाचा कल तेथील मठवासी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले पतित स्त्रियांसाठीचे काम पाहून ठरत गेला होता. मात्र तेथील धर्मगुरूंनी आखून दिलेल्या मतांशी त्यांचे वाद झाले, हेही येथे नोंदवले पाहिजे. रमाबाईंची श्रद्धा कधीच आज्ञाधारक नव्हती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' ही विधवांची शाळा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यास हलली. तिच्या पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत हा आरोप १८९३ मध्ये तीव्र झाला. 'केसरी' वृत्तपत्राने कठोर टीका केली आणि सल्लागार मंडळातील रानडे व भांडारकर यांच्यासारखे सुधारकही दूर झाले. या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे तपासण्याजोगे आहे. टीकाकारांची शंका निराधार नव्हती, कारण रमाबाईंनी आपली श्रद्धा दडवली नाही आणि मुलींना प्रार्थनेस बसण्यापासून रोखलेही नाही. परंतु त्या वेळी त्या मुलींना दुसरे कोणते दार उघडे होते, याचे उत्तर टीकाकारांकडेही नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणे कठीण झाले, म्हणून शहराबाहेर केडगाव येथे घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये 'मुक्ती' संस्था रीतसर सुरू झाली आणि १९०० च्या गुजरात-काठियावाडच्या दुष्काळानंतर तिच्यातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या माणसांना जेवू घालण्यासाठी रमाबाईंनी काम हाच मार्ग धरला. विहिरी खणल्या, शेती, दुग्धशाळा, तेलघाणा, विणकाम, शिवणकाम, धुलाई असे उद्योग उभारले, अंधांसाठी वेगळी शाळा काढली आणि पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' बांधले.

कोणाकडे वर्गणीची याचना न करता, कर्ज न काढता, फक्त प्रार्थनेच्या भरवशावर संस्था चालवायची, ही मुक्तीने स्वीकारलेली पद्धत त्या काळी 'श्रद्धेवरचे मिशन' म्हणून ओळखली जाई. ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी अनाथालय याच तत्त्वावर चालवले होते आणि त्यांच्याविषयीच्या वाचनाचा रमाबाईंच्या विचारांवर प्रभाव पडला होता. व्यवहारात हे तत्त्व दिसते तितके निरपेक्ष नसते, कारण संस्थेची वृत्तपत्रिका परदेशी मित्रांपर्यंत पोहोचत होती आणि तिच्यातले वर्णन हेच अप्रत्यक्ष आवाहन ठरत असे. तरीही कोठीतले धान्य संपत आले असता पुढचे पोते कोठून येणार हे माहीत नसताना शेकडो मुलींना घेऊन शांतपणे बसण्यासाठी जो स्वभाव लागतो, तो कमावलेलाच असतो. १९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या 'पुनरुज्जीवना'चे, म्हणजे सामूहिक प्रार्थनेत उसळलेल्या भावनिक जागृतीचे, वृत्तांत देशोदेशी गाजले. पण पावसाळ्यानंतर शेतातली पेरणी आणि छापखान्यातली जुळणी पुन्हा सुरू होत असे, आणि संस्थेच्या टिकावाचे श्रेय त्याकडेच अधिक जाते.

छापखान्याचे काम कसे चालत असे, हे जरा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. शिशाच्या मिश्रधातूचे अक्षरांचे तुकडे, ज्यांना छापखान्यात 'खिळे' म्हणत, कप्प्यांच्या पेटीत ठेवलेले असतात. जुळारी एका हातात धातूची लहान पट्टी, म्हणजे 'स्टिक', धरून दुसऱ्या हाताने एकेक खिळा उचलते आणि ओळ पूर्ण झाली की शब्दांमध्ये कोऱ्या पट्ट्या घालून ती घट्ट करते. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, म्हणून जुळणी करणारीला आरशातल्यासारखे वाचण्याची सवय करावी लागते. रोमन लिपीच्या पेटीत कप्पे मोजके असतात, तर देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे त्यांची संख्या शेकड्यांत जाते. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी आणि पुढे 'निर्णयसागर'च्या जावजी दादाजींनी देवनागरी खिळे सुबक केले नसते, तर केडगावसारख्या ठिकाणी हे काम आणखी अवघड झाले असते. पान छापून झाले की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या घरात टाकायचे असतात. चुकीच्या घरात पडलेला एक खिळा पुढच्या पानात चुकीचा शब्द उठवतो, त्यामुळे या वाटणीला जुळणीइतकेच लक्ष लागते. ज्या मुलींना आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी हे शाळेचे दुसरे रूप होते: एका पानाने भाषा, शिस्त आणि पोट यांची सोय एकाच वेळी होत असे.

रमाबाईंनी १९०४-०५ च्या सुमारास बायबलच्या भाषांतराचे काम हाती घेतले. मराठी बायबलाची परंपरा तेव्हा नवी नव्हती. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या प्रयत्नातून आणि पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनकडून त्याचे भाग प्रकाशित झाले होते. परंतु ती भाषा खेड्यातल्या स्त्रीच्या कानाला जड जाते असे रमाबाईंचे मत होते, आणि बायबलात हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले शब्द येऊ नयेत असाही त्यांचा आग्रह होता. त्यांनी वयाच्या चाळिशीनंतर इब्री, म्हणजे जुन्या कराराची हिब्रू भाषा, आणि नव्या कराराची ग्रीक भाषा शिकून मूळ ग्रंथाशी ताडून लिहायला सुरुवात केली. संस्कृतवर अधिकार असलेल्या विदुषीने संस्कृतप्रचुर शब्दांचा मोह टाळणे हा एक स्वतंत्र संयम होता. त्याचबरोबर भाषांतर मूळाला इतके चिकटून राहिले, की काही ठिकाणी मराठी वाक्याची चाल अडखळते. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीची आवृत्तीच रूढ राहिली आणि रमाबाईंचे भाषांतर मुख्यत्वे अभ्यासाचा विषय ठरले.

दुष्काळात आधार देण्याचे असे काम केडगावापुरते मर्यादित नव्हते; वऱ्हाडात त्याची ओळख वेगळ्या मार्गांनी झाली. १८९९-१९०० चा दुष्काळ तेथे तीव्र होता आणि त्या काळात अमेरिकी अलायन्स मिशनने अकोला परिसरात अनाथांसाठी वसतिगृहे चालवली; पुढे १९३० च्या दशकात, नाझरीन चर्चने वाशिम येथे रेनॉल्ड्स स्मृती रुग्णालय उघडले.  वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्याच्या कामरगावसारख्या गावांचे जगणे आजही बऱ्याच अंशी पावसावर आधारलेले आहे. पाऊस हुकला की पीक आणि उधारी दोन्ही एकदम अडचणीत येतात, हे वऱ्हाडी शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी श्रद्धेच्या संस्थेने केवळ दिलासा देऊन चालत नाही. विहीर खणणे, जखम बांधणे आणि हात चालता ठेवणे हे तिला करावे लागते, आणि केडगावचा अनुभव या बाबतीत बोधप्रद ठरतो.

रमाबाईंची कन्या मनोरमा, जी संस्थेची उत्तराधिकारी मानली जात होती, जुलै १९२१ मध्ये वारली. हा आघात सोसून रमाबाई भाषांतराची मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वीची तपासणीची पाने, वाचत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आले. संस्था त्यांच्यानंतरही चालू राहिली आणि आज 'पंडिता रमाबाई मुक्ती मिशन' या नावाने केडगाव येथे निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करते.