काचबिंदू आणि घराण्याचा वारसा

टावर चौकातील घड्याळात किती वाजले, हे माझे वडील दुरूनच अचूक सांगत; शेजारून येणारी सायकल मात्र त्यांना दिसत नसे. आम्ही ते वार्धक्य समजलो. तो काचबिंदू होता. यात डोळ्यापासून मेंदूकडे जाणारा चेतातंतू हळूहळू क्षीण होतो. बहुधा प्रथम कडेची दृष्टी जाते, आणि गेलेली परत येत नाही.

श्रोतेहो, आईवडील वा भावंडांना हा विकार असल्यास आपला धोका कित्येक पटींनी वाढतो. १९९७ साली दोन जनुकांचा छडा लागला. ‘मायोसिलिन’मधील दोष एकाच पालकाकडून आला तरी ऐन तारुण्यात काचबिंदू होऊ शकतो. जन्मजात काचबिंदूशी निगडित ‘सीवायपी१बी१’चा दोष मात्र दोन्ही पालकांकडून यावा लागतो, माळव्यात स्थायिक झालेल्या आपल्या काही घराण्यांतील मामेबहिणीशी विवाहाची चाल येथे विचारात घ्यावीच लागेल.

बहुसंख्य रुग्णांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. म्हणून रक्ताच्या चाचणीपेक्षा नेत्रतपासणीच अधिक उपयोगी. तीही केवळ दाबाची नव्हे, कारण दाब प्राकृत असूनही काचबिंदू होतो. वडिलांच्या निदानानंतर आम्ही भावंडांनी डोळे तपासून घेतले. धाकट्या बंधूंना काहीच त्रास नव्हता, तरी विकार सापडला. रोजच्या थेंबांवर त्यांची दृष्टी आजही टिकून आहे.