जपानची कांपो चिकित्सा आणि आपली नोंदवही

परदेशातील आरोग्यव्यवस्थांचा विषय निघाला की आपल्याकडे इंग्लंड-अमेरिकेचे दाखले दिले जातात. वैद्यवर्गाने अभ्यासावा असा देश मात्र जपान आहे, असे आम्हांस वाटते. तेथे १९६१ पासून सर्व नागरिकांना आरोग्यविम्याचे संरक्षण आहे. चीनमधून येऊन जपानात रुजलेली कांपो ही पारंपरिक चिकित्सा १९७६ मध्ये त्या विम्यात मोठ्या प्रमाणावर समाविष्ट झाली आणि आज तिचे १४८ योग विम्याच्या यादीत आहेत. कांपोची वेगळी वैद्यकीय पदवी तेथे नाही. आधुनिक वैद्यकाचे पदवीधरच हे योग लिहितात. (ही गोष्ट अनुकरणीय आहे, असे आमचे मत नाही.)

विम्याचा पैसा आला तशी तपासणीही आली. काढ्याच्या सुकविलेल्या घनाची तुलना प्रमाण काढ्याशी करावी आणि ठरावीक घटकद्रव्यांचे प्रमाण मर्यादेत राखावे, असा दंडक शासनाने १९८५ मध्ये घातला.

तरीही ठेच लागलीच. ‘शो-साइको-तो’ हा सात द्रव्यांचा योग जीर्ण यकृतशोथात सरसकट दिला जाऊ लागला. कांपोत रुग्णाची अवस्था व लक्षणसमुच्चय पाहून योग निवडतात. त्यास ‘शो’ म्हणतात. येथे केवळ व्याधीचे नाव पाहिले गेले. काही रुग्णांना फुप्फुसांचा गंभीर शोथ झाला. १९९४ मध्ये इंटरफेरॉनसोबत हा योग देण्यास मनाई झाली आणि १९९६ मध्ये दहा मृत्यूंची नोंद देऊन शासनाने तातडीचा इशारा काढला. प्रकृती, दोष, बल न पाहता ‘यकृतावरचे औषध’ म्हणून योग देणारे आपल्यात नाहीत काय?

या योगात ज्येष्ठमधही आहे. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तातील पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो, सूज येते. जपानात ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. आमच्याकडे अम्लपित्तासाठी यष्टिमधु चूर्ण घेणारी एक वृद्धा पायांवर सूज व वाढलेला रक्तदाब घेऊन आली. आम्ही दिलेले पंधरा दिवसांचे चूर्ण संपल्यावर ती दुकानातून परस्पर आणून तीन महिने घेत होती. चूर्ण थांबविल्यावर सूज उतरली. आम्ही ही घटना कोठेही कळविली नाही. ती चूक आमचीच.

कळविण्याची सोय आता आपल्याकडेही आहे. आयुष औषधांच्या सुरक्षिततेची केंद्रीय योजना २०१८ मध्ये सुरू झाली असून तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. कळविताना योगाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मात्रा, कालावधी व रुग्ण घेत असलेली अन्य औषधे लिहावीत. रक्तदाबाच्या व लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचा उल्लेख विसरू नये. बॅच क्रमांक बहुधा औषधालयाच्या बिलावरच सापडतो, म्हणून औषधालयचालकांनी तो बिलावर न चुकता लिहावा, ही आमची त्यांना विनंती आहे.