‘गिव्ह अप’ : काय दिले आणि काय सोडले?



मागे आम्ही सरावासाठी एक इंग्रजी अर्ज लिहायला दिला होता. एका वहीत वाक्य आले, ‘आय गेव्ह अप द एक्झाम इन मार्च.’ सांगायचे होते, ‘मी मार्चमध्ये परीक्षा दिली.’ अर्थ झाला, ‘मी परीक्षेचा नाद सोडला.’ वहीतली चूक आम्ही लाल शाईने सुधारली. पण नोकरीच्या अर्जात ती कोण सुधारणार?

‘गिव्ह’ म्हणजे देणे, हे बरोबर. पण त्याला ‘अप’ जोडले की अर्थ पालटतो. अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. मराठीत तरी ‘देणे’ आणि ‘सोडून देणे’ एक आहे का?

‘गिव्ह अप’चे तीन मुख्य अर्थ पाहू या.

1. सवय सोडणे : ‘ही गेव्ह अप टोबॅको.’ त्याने तंबाखू सोडली. पुढे क्रियापद आले तर त्याला ‘इंग’ लावावे. ‘गिव्ह अप स्मोकिंग’ बरोबर, ‘गिव्ह अप टू स्मोक’ चूक.

2. ताबा किंवा जागा सोडणे : आपल्या जवळचा असीरगड 1601 मध्ये अकबराच्या हाती गेला आणि 1819 मध्ये शिंद्यांच्या किल्लेदाराने तो इंग्रजांच्या स्वाधीन केला. तेव्हा, ‘द किल्लेदार गेव्ह अप द फोर्ट.’ बसमध्ये आजीबाईंना जागा दिली, तर ‘शी गेव्ह अप हर सीट.’ इथे दिलेही आणि सोडलेही!

3. हार मानणे : इथे पुढे कर्म लागत नाही. ‘डोन्ट गिव्ह अप!’ हिंमत सोडू नकोस.

आणखी एक नियम. ‘इट’, ‘देम’ असे सर्वनाम असेल तर ते मध्ये बसते. ‘गिव्ह इट अप’ म्हणावे, ‘गिव्ह अप इट’ नव्हे.

मग ‘परीक्षा दिली’ कसे म्हणायचे? ‘आय टुक द एक्झाम.’ आपण देतो, इंग्रजीत मात्र घेतात! ‘गेव्ह द एक्झाम’ आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण लिहिताना ‘टुक’च लिहावे.

सराव : पुढील वाक्ये इंग्रजीत लिहून आणा.
(अ) बाबांनी विडी सोडली.
(आ) ताईने बारावीची परीक्षा दिली.
(इ) गणित अवघड होते, पण आम्ही हार मानली नाही.

चुकले तर पुन्हा लिहा. तिसरे वाक्य त्यासाठीच दिले आहे.